दोराला हात लावणाऱ्याचा वाटा

आमच्या गावातलं संग्रहालय म्हणजे बंदराजवळच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या आणि एक लांब पडवी. मालवणला आलेले पर्यटक किल्ला बघून, मासे खाऊन, पाण्याखाली बुड्या मारून झाले की गाडी वळवायला म्हणून आमच्या आवारात शिरतात, पाटी वाचतात आणि विचारतात, इथे टॉयलेट आहे का? आहे. पण तेवढ्यासाठी आलेल्यालाही मी आतून फिरवून आणल्याशिवाय सोडत नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. समोरच्याने फोन ठेवायच्या आत आपलं म्हणणं त्याच्या गळी उतरवायची सवय तिथली, ती काही जात नाही.

संग्रहालय काढलं डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे गावातले जुने डॉक्टर, आता दवाखाना बंद केलेले. आयुष्यभर ते घरोघर पेशंट तपासायला जायचे आणि नाडी बघून झाली की माळ्यावर काय काय पडलंय याची चौकशी करायचे. असं करत त्यांनी गलबतावरचे कंदील, चिनी मातीच्या बरण्या, भात मोजायच्या पायल्या, दशावतारातला एक मुकुट आणि टेलिफोनचा एक जुना बोर्ड एवढं जमवलं. त्या बोर्डापायीच मी तिथे पहिल्यांदा गेले. खालच्या पट्टीवर डॉक्टरांनी त्याची माहिती साफ चुकीची लिहिली होती. मी ती त्यांना तावातावाने सांगितली, त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि तिथल्या तिथे मला कार्यक्रम समितीची प्रमुख करून टाकलं. समितीत दुसरं कोणीच नाही हे मला महिनाभराने कळलं.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काहीतरी कार्यक्रम करायचा असं ठरलं. पहिलं ठेवलं व्याख्यान. घाटावरून एक प्राध्यापक आले होते, विषय होता आमच्या किनाऱ्यावरचा जुना व्यापार. आता आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. दुकान असो, नाटक असो, नवी विहीर असो, कोणीतरी जाणता माणूस उभा राहून देवाला सगळी हकिकत सांगतो, काय हवं ते मागतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याप्रमाणे गाऱ्हाणं झालं आणि प्राध्यापक बोलायला उभे राहिले. त्यांना प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारायची सवय होती. लोक तर नुकतेच तयार झालेले. पडवीतून एका सुरात उत्तर गेलं, व्हय म्हाराजा. पहिल्या दोन खेपांना प्राध्यापक खूश झाले. पुढे त्यांनी थांबायचंच सोडून दिलं आणि व्याख्यान बरंच लवकर आटपलं.

त्यानंतर मी माझं एक मत पक्कं केलं. माणसाच्या हाताला किंवा तोंडाला काही लागत नसेल तर तो संग्रहालयात दुसऱ्यांदा येत नाही. पिंगुळीहून चित्रकथीवाले आले तेव्हा पडवी भरली, कारण त्यांनी चित्रांची पानं लोकांना जवळून बघू दिली आणि गोष्ट ऐन रंगात आणून चहासाठी थांबवली. जुने फोटो ओळखायच्या दिवशी तर भांडणं झाली. एकाच माणसाला तीन घरांनी आपला आजोबा म्हणून सांगितलं. मसाल्याच्या शनिवारी बायका आपापल्या घरचा मसाला डब्यातून घेऊन आल्या, आणि कोणाचा मसाला जुना यावरून ज्या दोघींचं बोलणं तुटलं त्या पुढे मला देवळात भेटल्या की एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या. डॉक्टरांना हे सगळं फार उथळ वाटायचं. मी म्हणायचे, गर्दी मोजा. ते मोजायचे आणि गप्प बसायचे.

डॉक्टरांचा जीव अडकला होता तो एका गोष्टीत. त्यांना संग्रहालयात रापण हवी होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढत ओढत ते मासळीसकट वाळूवर घ्यायचं. इंजिन नाही, यंत्र नाही. लागतात ते फक्त हात. एकेका दोराला वीस-पंचवीस माणसं तरी हवीत, आणि तीही सकाळभर. आमच्या वाडीची रापण एकेकाळी मोठी होती. मग मुलं मुंबईला गेली, कोणी ट्रॉलरवर गेली, उरलेली पर्यटकांना बुड्या मारायला न्यायला लागली. म्हाताऱ्यांची एक-एक करून कंबर गेली. गेले दोन हंगाम जाळं मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीत, आढ्याला टांगून होतं.

त्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, आमच्या मागल्या दाराला राहतात. सत्तरी कधीच ओलांडलेला, उंच आणि थोडा वाकलेला माणूस. बोलतात कमी, पण चेष्टा सुचली की आधी डोळे हसतात आणि मग तोंड उघडतं. माझं लग्न होऊन मी कुडाळकडून या गावात आले त्या वर्षी यांनी मला बांगडा कसा निवडायचा ते शिकवलं होतं, कारण मी बाजारातून आणलेला बांगडा बघून माझ्या सासूबाईंनी हात टेकले होते. तेव्हापासून ते मला बाय म्हणतात आणि मी त्यांना तांडेलानू.

डॉक्टर आणि मी त्यांच्याकडे जाळं मागायला गेलो. ते मांगरातच सापडले, रिकाम्या पेटीवर बसलेले. डॉक्टरांनी मोठं प्रास्ताविक केलं. परंपरा, पुढच्या पिढ्या, जतन, सगळं त्यात आलं. तांडेलांनी सगळं ऐकून एकच विचारलं, की भिंतीवर किती मावेल? डॉक्टरांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. सुताराकडून काचेची चौकट करून घेतली होती, त्यात बसेल एवढा तुकडा कापून घ्यायचा होता. आणि उरलेलं? डॉक्टर जरा अडखळले. म्हणाले, लोक नेतील, परसातल्या वेलांना, कोंबड्या अडवायला कुंपणाला.

तांडेल उठले आणि टांगलेल्या जाळ्यात हात घालून त्यांनी दोन-चार गाठी चाचपल्या. जाळं चांगलं होतं, माझ्यासारखीलाही ते दिसत होतं. कुठे कुजलेलं नाही, उंदरांनी कुरतडलेलं नाही. त्याला काही झालं नव्हतं. समुद्रही होता तिथेच होता. ओढायला हात नव्हते, एवढंच.

“न्हेवा,” ते म्हणाले. “पण त्याआदी एकदा दर्यात घालूचा आसा. दोन वर्सां सुका आसा ता. सुका जाळा कोणाक देवचंय नाय मी.”

मला वाईट वाटलं, ते कशाला लपवू? एवढं अख्खं जाळं कापायचं म्हणजे मला कसंतरीच झालं. पण त्याच वेळी मनातली कार्यक्रम समिती जागी झाली. शेवटची रापण, समुद्रकिनारी, सर्वांच्या साक्षीने! याहून मोठा शनिवार आम्हाला कधी मिळाला नसता. मी तिथेच ठरवून टाकलं की पुढच्या कार्यक्रमाला हेच करायचं, वर शाल-श्रीफळ देऊन तांडेलांचा सत्कार करायचा, आणि सोमवारी सुताराने येऊन तुकडा कापून न्यायचा. तांडेलांचे सोबती किती उरलेत असं मी विचारलं तर दोन्ही हातांची बोटंसुद्धा पुरी झाली नाहीत.

डॉक्टर म्हणाले, काळजी नको, हे प्रात्यक्षिक आहे. प्रेक्षक दोर धरतील, फोटो होतील, जाळं थोडं आत सोडून परत घेऊ. तांडेलांनी त्यावर फक्त मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

निमंत्रण डॉक्टरांनी लिहिलं. ते मूळचे एका देवस्थानाच्या गावातले, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, आणि त्यांचं मराठी फार शुद्ध. ‘लोप पावत चाललेल्या परंपरेचे प्रात्यक्षिक’ वगैरे लिहून शेवटी त्यांनी एक ओळ घातली, की सर्व उपस्थितांनी दोराला हात लावून या परंपरेत सहभागी व्हावे, ही नम्र विनंती. मला न दाखवता ते व्हॉट्सॲपवर टाकलंही.

इथे आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी. रापणीच्या दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा द्यायचा, असा नियम आहे. तो संघातला असो, वाटेने जाणारा असो, उभ्या उभ्या घटकाभर ओढून गेलेला असो, त्याच्या घरच्या कालवणापुरते मासे त्याला मिळाल्याशिवाय वाटप संपत नाही. हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण कालपरवापर्यंत चालणारी गोष्ट एकदा संग्रहालयाची झाली की आपण तिच्याबरोबर तिचे नियमही कपाटात ठेवून देतो. डॉक्टरांनी ती ओळ लिहिली ती फोटोसाठी. गावाने ती वाचली ती जेवणासाठी.

दुसऱ्या दिवसापासून मला फोन यायला लागले. कार्यक्रम नक्की आहे ना? किती वाजता यायचं? आणि प्रत्येक जण शेवटी विचारायचा, पिशवी आणायची का? मला वाटलं, टोपी, पाण्याची बाटली ठेवायला विचारतायत. मी उदार मनाने सांगत गेले, आणा की, पिशवी जवळ असलेली बरी. एका बाईने विचारलं, मोठी आणू? म्हटलं, तुमच्या सोयीने आणा.

त्या शनिवारी सकाळी मी माइक, खुर्च्या आणि शालीची पिशवी घेऊन किनाऱ्यावर पोचले आणि बघतच राहिले. एवढी माणसं आमच्या सगळ्या कार्यक्रमांना मिळूनसुद्धा आली नव्हती. वाडीतली होतीच, पण बाजारपेठेतले दुकानदार होते, बँकेतले होते, बचत गटाच्या बायका एका रंगाच्या साड्या नेसून आल्या होत्या, आणि कोणी पाहुणे कुणकेश्वरला जायचं सोडून इकडे वळले होते. पर्यटकांना बुड्या मारायला नेणारे तरुण आपली कामं दुपारवर ढकलून हजर. आणि प्रत्येकाच्या हातात पिशवी. काहींकडे टोपल्या. एका आजोबांकडे झाकणाची बादली. मसाल्यावरून भांडलेल्या त्या दोघीही आल्या होत्या, दोन दोन पिशव्या घेऊन.

डॉक्टर भारावून गेले. म्हणाले, बघा, लोकांना इतिहासाची केवढी ओढ आहे. तोवर मला पिशव्यांचा अर्थ लागला होता. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. ते पांढरेफटक पडले आणि म्हणाले, मग आता जाहीर करू या का, की हे नुसतं प्रात्यक्षिक आहे? मी म्हटलं, तुम्ही करा जाहीर, मी गाडी चालू करून ठेवते.

तांडेल होडीपाशी उभे होते. जाळं होडीत भरून झालं होतं आणि ते एकटक त्या पिशव्यांकडे बघत होते. मी जवळ गेले. वाटलं, रागावतील. रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“बाय, मासो नाय गावलो तर कोणाचो इलाज नाय,” ते हळू म्हणाले. “रिकामी रापण मी लय बघितलंय. पण ही शेवटची. इतकी माणसां इल्यानंतर शेवटची रिकामी गेली, तर मरेपर्यंत ता माझ्या डोळ्याफुडसून जावचा नाय.”

मी म्हटलं, नको घालू या, मी सांगते लोकांना काहीतरी, भरती आहे म्हणून सांगते. त्यावर मात्र त्यांचे डोळे हसले. समोर ओहोटी लागलेली लहान पोरालाही दिसत होती.

मग त्यांनी चपला काढल्या, समुद्राकडे तोंड केलं आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. त्यांचा आवाज असा मोठा लागलेला मी किती वर्षांत ऐकला नव्हता.

“बा दर्याच्या राजा, आज ही रापण तुझ्या पदरात घातलेली आसा. जे जे दोराक हात लावतले, तेंच्या घराक आज कालवण मिळांदे. कोणाक रिकामो धाडू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळा किनारा म्हणाला. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले सरकारी साहेब देशावरचे होते, त्यांना काही कळलं नाही, पण तेही म्हणाले.

होडी आत गेली. जाळं थोडं आत सोडून परत घ्यायचं हे डॉक्टरांचं म्हणणं बहुधा वाऱ्यावर उडून गेलं होतं, कारण तांडेलांनी ते अख्खं सोडलं. दोन्ही दोर किनाऱ्यावर आले आणि माणसं त्यांच्यावर तुटून पडली. फोटोसाठी दोर धरणारा माणूस आणि वाट्यासाठी दोर ओढणारा माणूस, यांत फरक असतो. पहिला कॅमेऱ्याकडे बघतो. दुसऱ्याच्या टाचा वाळूत रुततात. इथे सगळ्यांच्याच टाचा रुतल्या होत्या.

एका दोरावर बुड्यावाल्या तरुणांनी जोर लावला तर दुसऱ्यावर बचत गटाने. बचत गट पुढे निघाला. तांडेल मधोमध कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोन्हीकडे हात करत होते, कारण दोन्ही दोर सारखे यावे लागतात, नाहीतर जाळं तिरकं होऊन मासा बाहेर निसटतो. ते बायकांना दम खा म्हणून सांगत होते आणि बायका त्यांना म्हणत होत्या की त्या पोरांना सांगा, आम्ही काय थांबायला आलोय का? डॉक्टर पांढऱ्या पॅंटीत वाळूवर बसले, उठले, पुन्हा बसले, पण दोर त्यांनी सोडला नाही. साहेबांनी बूट काढले. मसाल्याच्या भांडणातल्या दोघी एकाच दोराला पुढे-मागे लागल्या होत्या, आणि दोर सैल कोणामुळे पडतोय यावरून का होईना, बोलायला लागल्या होत्या.

मी माइकवरून माहिती सांगत होते. दोर कशाचा, जाळं किती लांब, होडीला पूर्वी काय म्हणत, सगळं मी पाठ करून आले होते. एका दोराकडून दुसऱ्या दोराकडे धावत मी ते सांगितलं. कोणीही ऐकलं नाही. हे मी रागाने लिहीत नाहीये. पण ऐकलं नाही, हे खरं आहे.

ऊन वर आलं. कोणीतरी कलिंगडं आणली, लोकांनी एका हाताने ती खाल्ली. जाळ्याचा अर्धगोल हळूहळू लहान होत गेला आणि वरती पाखरं फिरायला लागली. शेवटचा खोलगट भाग उथळ पाण्यात आला तशी तांडेलांनी दोन पावलं पुढे टाकली, वाकून आत बघितलं आणि ते तसेच वाकून राहिले. रिकामी असेल तर या माणसाकडे मी आयुष्यात परत बघू शकणार नाही असं मला वाटलं.

रिकामी नव्हती. फार होती असंही नाही. तारल्या होत्या बऱ्याच, थोडे बांगडे, मूठभर कोळंबी, एक भांडकुदळ खेकडा आणि कोणालाही नको असलेला एक लिबलिबीत जेलीफिश. जुन्या रापणकारांपैकी एकाने बघून नाक मुरडलं. पूर्वी एवढे मासे आम्ही कुत्र्यांना टाकत होतो, असं तो म्हणाला. तांडेलांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते ताठ उभे राहिले आणि एकवार त्यांनी सगळ्या माणसांवरून नजर फिरवली. किती वाटे पडतील याचा अंदाज घेत असावेत.

मग वाटप सुरू झालं. तांडेल वाळूवर मांडी घालून बसले आणि मासळीचे लहान लहान ढीग करायला लागले. सगळ्यात आधी जाळ्याचा वाटा निघतो, मग होडीचा, मग माणसांचे. जाळ्याचा ढीग बाजूला पडला तसे डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले की जाळं आता संग्रहालयाचं, म्हणजे तो वाटाही संग्रहालयाचाच झाला ना? त्यांनी ते नियमाच्या कुतूहलाने विचारलं होतं, मासे त्यांना कुठे हवे होते! पण तांडेलांना ते ऐकू गेलं. जाळ्याचा वाटा जाळ्यासाठीच असतो, असं त्यांनी ढिगावरची नजर न काढता सांगितलं. त्यातून दोरा येतो, फाटलेलं शिवून होतं. डॉक्टर म्हणाले, पण आता ते भिंतीवर लागणार, आता शिवायचं काय? तांडेल तारल्या वेगळ्या करत राहिले.

वाटे लहान झाले. कोणाला चार तारल्या, कोणाला पाच आणि एखादा बांगडा. पण राहिला कोणी नाही. वाटेत थांबलेल्या पाहुण्यांना मिळालं. साहेबांना मिळालं, आणि सरकारी गाडीत वास राहील म्हणून ड्रायव्हरने डोक्याला हात लावला. त्या दोघी वाटा घेऊन एकाच रिक्षात बसून गेल्या, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टरांचा नंबर आला तेव्हा ते हात जोडून मागे सरकले. मला नको, म्हणाले, आमच्याकडे चालत नाही.

“डॉक्टरानू, दोराक हात लावलात ना? मगे वाटो घेवकच होयो,” तांडेल म्हणाले. “घराकडे मांजर आसा काय?”

मांजर होतं. डॉक्टर चार तारल्या रुमालात बांधून उभे राहिले आणि त्या सगळ्या सकाळीत त्यांच्याइतका आनंदी चेहरा मी दुसरा बघितला नाही.

मासे मिळाले की माणूस थांबत नाही. उन्हात मासा टिकत नाही, त्यामुळे घरी जायचं कारणही सबळ होतं. सत्काराची घोषणा करायला मी माइक हातात घेतला तेव्हा समोर माझ्या खुर्च्या होत्या, त्यांवर कोणी नव्हतं. साहेबही गेले होते. शाल पिशवीतच राहिली. उरले होते ते डॉक्टर, तांडेल, जुन्यांतले दोघे-तिघे आणि ते बुड्यावाले तरुण. तरुण जाळं उचलून बांबूंवर वाळत घालत होते. त्यातल्या एकाला तांडेलांनी फाटलेली जागा दाखवली आणि तो खाली बसून ती निरखायला लागला.

मला एकदम जाणवलं की मी पहाटेपासून उपाशी आहे आणि माझ्या हातात काहीच नाही. वाळूवर बघितलं तर ढीग संपले होते. मी तांडेलांकडे गेले आणि माझा वाटा मागितला. त्यांनी शांतपणे मान वर केली.

“बाय, तुमी दोराक हात खंय लावलात? तुमी बोलत होतात.”

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सगळं ऐकवलं. फोन कोणी केले, खुर्च्या कोणी आणल्या, घसा कोरडा पडेपर्यंत माहिती कोणी सांगितली, एवढी माणसं आली ती कोणामुळे, आणि आता देशावरच्या साहेबाला वाटा, डॉक्टरांच्या मांजराला वाटा, आणि मी हात हलवत जायचं? डॉक्टर माझी बाजू घ्यायला पुढे आले आणि माझा चेहरा बघून परत मागे गेले. माझा दम संपेपर्यंत तांडेल बांबूवरची जाळ्याची घडी सोडवत राहिले. मग म्हणाले,

“फुडच्या खेपेक लावा.”

मी आणखी काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. मग ते शब्द नीट कानात शिरले आणि मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर रुमाल छातीशी धरून त्या बांबूंवर पसरलेल्या जाळ्याकडे बघत होते. सोमवारी सुताराला येऊ नको म्हणून सांगायला हवं, एवढंच ते म्हणाले.

मला एकही मासा मिळाला नाही. घरी येऊन मी कुळथाची पिठी केली आणि भात लावला. मी इतकी खूश होते की तीन वेळा भात वाढून घेतला.